सारंगखेड्याच्या यात्रेत भेटलेल्या आप्पांना

आप्पा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आजूबाजूचे सगळे आप्पा म्हणत होते म्हणून मीपण आप्पाच लिहितोय. दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या रांगेत शेवटी एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची मारवाडी घोडी आणि तिच्याजवळ रडवेला होऊन उभा असलेला पोरगा, आठवतंय का? तो मी.

घोडी आदल्याच दिवशी घेतलेली. विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले आणि तिच्या तोंडावरची म्होरकी, म्हणजे जनावर धरायला-बांधायला तोंडाभोवती घालतात ती, काढून घेतली, ही आमची आहे म्हणाला. मग दुकानातून नायलॉनची घेतली, ती घट्ट आहे हे मला दिसत होतं, दोनदा बोललोपण, तर दुकानदार म्हणे होईल सवय, जनावरच आहे. संध्याकाळपर्यंत नाकावरची रुपयाएवढी कातडी सोलली होती. ती डोकं झाडायला लागली तर शेजारचा एक जण सांगतो कान पिळून धर, गप बसेल. घेताना दहा जणांनी देवमण, म्हणजे मानेवरचा शुभ मानतात तो केसांचा भोवरा, बघितला, रंग बघितला, चाल बघितली, आणि जखम झाल्यावर एकाने वाकून बघितलं नाही. खूप राग आलेला आप्पा, अजूनही येतो.

तुम्ही आलात ते सुती दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकूनच. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. आधी ती नायलॉनची सोडलीत, मग दोर तिला हुंगू दिला, ती हुंगत राहिली आणि तुम्ही नुसते उभे. २२-२३ फूट असेल तो दोर, त्यात एकही तुकडा न कापता अख्खी म्होरकी बांधलीत. गाठी कशा मारल्या ते लिहीत बसत नाही, ते हातात दोर घेऊनच कळतं.

पण एक गोष्ट लिहायचीच आहे, त्यासाठीच हे पत्र. म्होरकी तयार झाली, मी घ्यायला हात पुढे केला आणि तुम्ही दिली नाहीत. ती स्वतःच्या गालावर घासलीत, डोळे मिटून, हळूहळू, एकेक गाठ. डाव्या बाजूच्या गाठीशी थांबलात, परत घासलीत, म्हणालात ‘ही टोचतेय’. आणि सगळी सोडून पहिल्यापासून परत बांधलीत. अंधार पडत होता, थंडी होती, तुमची स्वतःची जनावरं चाऱ्याची वाट बघत होती. माझी घोडी तुमची कोण लागत होती?

मग डाव्या बाजूने दोर मानेवरून घेऊन गाठ दिलीत, तिच्या कानांना हातसुद्धा लागला नाही. नाकावरचा पट्टा जखमेच्या वर, हाडावर बसवलात. म्हणालात घोडं तोंडाने श्वास घेत नाही रे, दोर नाकपुडीवर उतरला तर ते जाईल कुठं. आणि खुंट्याला थेट बांधू नको, मधे सुतळीचा फास ठेव, घाबरून मागे ओढलं तर सुतळी तुटावी, मान नाही. हे मला घोडी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं ना? पैसे काढले तर हात मागे घेतलात, तिला गूळ दे म्हणालात.

माणूस चांगला म्हणजे काय हे मला आता कोणी विचारलं तर मला तो गालावर फिरणारा दोर दिसतो. कोणी बघत नाही, कोणी पैसे देणार नाही, आणि जिच्यासाठी करतोय तिला बोलता येत नाही, तरी टोचणारी गाठ सोडून परत बांधायची. अशी माणसं आहेत म्हणून मुकी जनावरं जगतात असं मला मनापासून वाटतं.

जखम भरली आहे, तिथे थोडे पांढरे केस आलेत. आता म्होरकी दिसली की ती स्वतःच मान खाली घालते. दुसरी एक मी बांधायला घेतलीय. या दत्तजयंतीला घोडीला घेऊनच येतो, हनुवटीखालची गाठ काही केल्या जमत नाहीये, तेवढी परत एकदा दाखवा.