मुक्कामी गाडी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस फोन लागला नाही म्हणून तू रागावलीस, ते बरोबर आहे. हिमाचलात स्पितीतल्या मुढ गावी मोबाईलला रेंज नव्हती आणि काझ्यातून निघताना तुला कळवायचं राहून गेलं, ही चूक माझी. तुझी आई मात्र शांत होती म्हणे. ड्रायव्हरची बायको आहे ती. गाडी आली नाही म्हणजे पंक्चर झालं असेल, ह्यापलीकडे तिचं डोकं जात नाही.

तू शोधून दिलेली टूर घेतली नाही ह्याचाही राग आहे, तोही कळतो. टूर चांगलीच असणार. पण सहा दिवसांत अकरा ठिकाणं म्हणजे माझी जुनी ड्युटीच झाली की! तीस वर्षं मी शेवटच्या स्टॉपला माणसं उतरवली आणि गाडी वळवली. एकदा आपणही तिथे उतरून राहावं, एवढंच मनात होतं.

सिमल्याहून रामपूर, तिथून रेकाँग पिओ, पिओला दोन रात्री, मग ताबो आणि काझा. सगळं हिमाचलच्या एसटीने. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडली की स्पितीत लवकर पोचता येतं, पण ती खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एका दिवसात एवढं चढलं की डोकं धरून बसावं लागतं. मी गेलो त्या किन्नौरकडच्या वाटेने चढण हळूहळू होते. तुझ्या डॉक्टर मैत्रिणीनेही हेच सांगितलं होतं, तेव्हा शहाणपणाचं श्रेय अर्धंच माझं.

रामपूर सोडल्यावर बॉनेटजवळची सीट मिळाली. पुढे रस्ता कातळात कोरून काढलेला आहे. कातळच छपरासारखा डोक्यावर येतो आणि खाली सतलज. ड्रायव्हर पोरगाच होता, तिशीचा. मी पहिला तासभर त्याचे गिअर मोजत बसलो. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा नियम त्याने एकदाही मोडला नाही. तेव्हा कुठे मी बाहेर बघायला लागलो. तरांडा देवीच्या देवळापाशी त्याने गाडी उभी केली, उतरून नमस्कार केला, मग निघाला. मला वरंधा घाटातली वाघजाई देवी आठवली. तिथे मीही स्टिअरिंगवरूनच हात जोडायचो, आणि प्रवासी भजी खायला उतरायचे.

आता सुखरूप परत आलोय म्हणून सांगतो. ह्याच पट्ट्यात निगुलसरीला २०२१च्या ऑगस्टमध्ये दरड थेट एसटीवर आली होती, बरीच माणसं गेली. पुढे नाको ओलांडल्यावर मलिंग नाला लागतो, तिथेही डोंगर सारखा खाली येत असतो. कंडक्टर उतरला, मान वर करून डोंगराकडे बघत उभा राहिला आणि त्याने शिट्टी मारली. तिकडे घंटीची दोरी नसते, कंडक्टरच्या तोंडात शिट्टी असते. ती ऐकली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शेजारचा लामा माझ्या पायाकडे बघून हसला.

ताबोचा मठ ९९६ सालचा आहे. बाहेरून बघितलंस तर मातीचं कोठार वाटेल. आत काळोख आणि भिंतीभर चित्रं. फोटो काढू देत नाहीत, ते एक बरं आहे. हजार वर्षं माती टिकली, कारण पावसाळी ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिकामे होतात, पलीकडे पोचत नाहीत. आपल्या घाटात ती भिंत दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याला मिळाली असती. बाकी ‘की’ नावाचा मठ, लांगझा आणि हिक्किम ही गावं, हे सगळं बघितलं, फोटोत आहेच. हिक्किमच्या पोस्टातून तुला कार्ड टाकलंय. ते बहुतेक ह्या पत्रानंतर पोचेल.

काझ्याच्या स्टँडवर कळलं की पिन खोऱ्यातल्या मुढ गावाला एक बस दुपारी जाते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी माघारी येते. म्हणजे मुक्कामी गाडीच! मी ताबडतोब तिकीट काढलं.

ती गाडी तू बघायला हवी होतीस. सीटखाली तांदळाची पोती, मधल्या वाटेत गॅसचा सिलेंडर, मागे पत्रे. ड्रायव्हरच्या समोर काचेपाशी औषधांच्या दोन पिशव्या आणि तीन-चार चिठ्ठ्या. अत्तरगूच्या पुलावरून स्पिती नदी ओलांडली की रस्ता पिनच्या बाजूने आत वळतो. सगनमला गाडी वीस मिनिटं थांबली, कारण एका घरातून शिलाई मशीन यायचं होतं. एकही माणूस कुरकुरला नाही. माझ्या वेळी हे झालं असतं, तर कंट्रोलरला उत्तर देता देता तोंडाला फेस आला असता. पन्नासेक किलोमीटर जायला तीन तास लागले. ड्रायव्हर प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. कोणाची म्हैस… चुकलो, कोणाचा याक आजारी आहे तेही त्याला माहीत होतं.

मुढ हे त्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी गाव वरच राहील. समोरचा डोंगर तांबडा, जांभळा, हिरवट, आणि त्याचे थर कोणीतरी हाताने मुरडल्यासारखे तिरपे. पुढे पायी जाणारे भाबा खिंडीतून किन्नौरात उतरतात. मी नाही गेलो, काळजी करू नकोस.

उतरलो ते घर मातीचं, सपाट धाब्याचं. वर कडेने झुडपांची सरपणं रचलेली, खाली गोठा. संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. वसंतात ते खत शेतात जातं. पहिल्या दिवशी मी जरा बिचकलो, एवढंच लिहितो. खोलीच्या मधोमध पत्र्याची चूल, तिला ते तंदूर म्हणतात. तिची नळी धाब्यातून वर गेलेली. घरची बाई पन्नाशीची, तिची सासू आणि दोन नातवंडं. नातवंडं मला ‘मेमे’ म्हणायला लागली, म्हणजे आजोबा. लोण्याचा खारट चहा आला. चहा समजून प्यायलो तर घशाखाली उतरेना. मग कढी समजून प्यायलो आणि छान लागला. पण पेला रिकामा केलास की पुन्हा भरतात. हे मला चौथ्या पेल्यानंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली, मी राहिलो. शेतात हिरवा वाटाणा तोडणीला आला होता. आपल्याकडे वाटाणा हिवाळ्यात, इथे भर सप्टेंबरात. खाली कुठे मिळत नाही तेव्हा हा बाजारात जातो, म्हणून त्याला भाव. वर्षाला पीक एकच. मी दहा शेंगा तोडायचो आणि दम खात बसायचो, तोवर ती बाई अख्खी ओळ संपवून पुढे गेलेली असायची. वर वितळणाऱ्या बर्फाचं पाणी पाटाने शेतात येतं. “तुमच्याकडे पाणी कसं आणता?” तिने विचारलं. मी म्हटलं, आणावं लागत नाही, चार महिने वरून पडतं, घरात पातेली मांडून ठेवतो. तिला खोटंच वाटलं. मग म्हणाली, हल्ली इथेही अवेळी पाऊस येतो आणि मातीची धाबी गळतात. हसता हसता गप्प झाली.

आता खरं सांगायचं ते. संध्याकाळी गाडी परत आली. ड्रायव्हर-कंडक्टर त्याच घरी जेवायला. थुक्पा होता, म्हणजे शेवयांचं सूप. ड्रायव्हरने पिशवीतून एक डबा काढून त्या आजीपुढे ठेवला. आदल्या खेपेला तिने त्यात सत्तू दिलं होतं, आता त्याने ताबोची सफरचंदं भरून आणली होती. आजीने डबा उघडून बघितलाही नाही, फळीवर ठेवून दिला. त्यांच्यात हे नेहमीचंच असणार. मला मात्र जेवण जाईना.

तुला आठवतं, मी भोर डेपोत असताना हिर्डस मावळातली मुक्कामी गाडी माझ्याकडे होती? शेवटच्या गावी रात्री नऊला पोचायचो. मी आणि कंडक्टर गाडीतच झोपायचो, पावसाळ्यात शाळेच्या पडवीत. समोरच्या घरातल्या एक मावशी भाकरी आणून द्यायच्या. कधी कालवण, कधी नुसता ठेचा. जवळजवळ दोन वर्षं. पैसे देऊ केले तर म्हणायच्या, “गाडी आणतोस ना बाबा, बास झालं.” मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला ड्रायव्हर म्हणायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. घरात कोण आहे, मुलगा मुंबईला काय करतो, काही नाही. जेवायचो आणि झोपायचो, पहाटे साडेपाचला गाडी काढायची असायची.

एका सकाळी त्यांनी तुझ्यासाठी कडीच्या डब्यातून घावन दिले. ‘पोरीला दे’ म्हणाल्या. त्याच आठवड्यात माझी ड्युटी बदलली आणि मला पुणे लाईन मिळाली. घाटातून सुटका झाली म्हणून मी खूश होतो. निरोपसुद्धा पाठवला नाही. डबा आपल्या घरी राहिला आणि तू तो चौथीपर्यंत शाळेत नेलास.

मुढच्या त्या आजीला मी हे मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तिला किती समजलं कोण जाणे. तिने सुनेला काहीतरी सांगितलं, सून हसायला लागली आणि म्हणाली, “आजी विचारतेय, गाडी तिथे अजून जाते ना?”

जाते की नाही, मलाच माहीत नाही. भोरला फोन करून विचारीन. पण दिवाळीत तू येशील तेव्हा गाडी घेऊन ये. नीरा-देवघर धरणाचं पाणी उजवीकडे ठेवत जायचं की डावीकडे, ते मी सांगीन. स्टिअरिंग तुझ्याकडे, मी बॉनेटजवळ. मावशी आता पंच्याऐंशीच्या पुढे असतील. असतील की नाही, तेही आहेच. घर तर असेल.

डबा तुझ्याकडेच आहे, परवा आई म्हणाली की तू त्यात सुया-दोरे ठेवतेस. ते काढून घे. एका बाजूची कडी निखळली होती, ती कोणाकडून तरी बसवून घे. आत काय भरायचं ते तुझी आई ठरवेल, तिने बहुधा ठरवलंही आहे.

तुझे
अण्णा