डावखुऱ्या लेकीची पहिली रायफल

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑगस्ट

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नोव्हेंबरात सासरच्या मंडळींबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलंस आणि त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा केलास, हे वाचून बरं वाटलं. तुझा प्रश्न सरळ आहे. सासरे त्यांची .३०-०६ काडतुसाची जुनी रायफल तुला देताहेत. ती घ्यावी की नवी बोल्ट-अॅक्शन (दर बारानंतर बोल्ट, म्हणजे मागचा खिळीसारखा दांडा, हाताने मागे-पुढे करायची) रायफल घ्यावी, नवी घेतली तर कोणती, आणि तीच रेंजवर निशाणेबाजीलाही चालेल का.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. नवी घे. डाव्या हाताची घे. काडतूस ६.५ क्रीडमूर ठेव. आणि बाजूला काढलेल्या बाराशे डॉलरांतले निम्म्याच्या आसपासच रायफलीवर घाल. उरलेले स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण), तो बसवायच्या रिंगा, कानांची कवचं आणि मुख्य म्हणजे काडतुसं यांसाठी राखून ठेव. स्वस्त पण धड रायफल आणि भरपूर सराव ही जोडी महागड्या रायफलीला आणि दोन खोक्यांच्या सरावाला केव्हाही भारी पडते.

डाव्या हाताचं आधी. तू लहानपणापासून डावखुरी आहेस, पण नेमबाजीत हातापेक्षा डोळा महत्त्वाचा. दोन्ही तळवे पुढे धरून मधे छोटी फट ठेव, तिच्यातून लांबचा दिवा बघ आणि एकेक डोळा मीट. जो डोळा उघडा असताना दिवा जागेवर राहतो तो तुझा मुख्य डोळा. माझ्या मते तुझाही डावाच निघेल. मग उजव्या हाताची रायफल डाव्या खांद्याला लावलीस, तर प्रत्येक बारानंतर डावा हात पकडीवरून काढून स्कोपच्या वरून पलीकडे न्यावा लागेल, बोल्टची मूठ उचलून मागे ओढावी लागेल, पुढे ढकलून खाली दाबावी लागेल. तेवढ्यात गाल दस्त्यावरून (खांद्याला टेकणाऱ्या भागावरून) सुटतो आणि हरीण नजरेतून जातं. पहिली गोळी कमी-जास्त लागली तर दुसरी ताबडतोब मारता येणं हे त्या जनावराप्रती आपलं कर्तव्य आहे. डाव्या हाताच्या बोल्टसाठी थोडे पैसे जास्त पडले तरी तिथे काटकसर करू नकोस.

दुसरी गोष्ट मापाची. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. ते सरासरी पुरुषाच्या हाताचं माप. दुकानात तू ऑगस्टातल्या सदऱ्यावर रायफल खांद्याला लावशील आणि ती बरोबर वाटेल. पण शिकार होणार थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून, अंगावर जाड जॅकेट आणि वर नारिंगी बंडी असताना. तेवढ्या कपड्यांनी अंतर इंचभर वाढतं. म्हणून लाजू नकोस, हिवाळी जॅकेट घेऊन दुकानात जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव आणि मग डोळे उघड. मान न ताणता स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जमलं. कडेला काळी कोर दिसली तर ती रायफल तुझी नाही, मग ती कितीही नावाजलेली असो. हातमोज्यासकट बोट चापाच्या कडीत सहज जातं का, तेही बघ.

आता किमतीचं. गेल्या काही वर्षांत स्वस्त रायफलींनी मोठी मजल मारली आहे. मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलं, त्यामुळे याचं कारण मला आत शिरून सांगता येतं. पूर्वी नळी आणि रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) एकमेकांत बसवायला कसलेला फिटर लागायचा. सॅव्हेज कंपनीच्या ११० या रायफलीने १९५८ साली हा खर्च कमी केला. तिच्यात नळीवर एक मोठा नट असतो. नळी आट्यांवरून फिरवत गेजला टेकेपर्यंत आत न्यायची आणि नट आवळायचा, की काडतुसाची बैठक बरोबर येते. बोल्टचं डोकंही वेगळं आणि किंचित ढिलं असतं, त्यामुळे बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या दोन्ही खुंट्या आपोआप सारखा भार घेतात. निकोलस ब्रूअर या अभियंत्याची ही रचना. ती तेव्हा १०९.९५ डॉलरला विकायची म्हणूनच तिचं नाव ११० पडलं, असं सांगतात. आज बहुतेक कंपन्यांची संगणकावर चालणारी यंत्रं एकसारखी नळी कापतात. म्हणून चारशे-पाचशे डॉलरांची सॅव्हेज अॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या टाकते. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंचांची असते. तेव्हा अचूकपणासाठी जास्त पैसे मोजायची गरज उरलेली नाही.

मग जास्त पैसे कशाचे? बोल्टच्या गुळगुळीतपणाचे, चापाचे आणि दस्त्याच्या ताठपणाचे. फिनलंडच्या रीहिमाकीत बनणारी टिका टी३एक्स एकदा हातात घेऊन बघ. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो, मूठ फक्त ७० अंश उचलावी लागते, चापही फार स्वच्छ. डाव्या हाताचीही मिळते. मला ती मनापासून आवडते. पण स्कोपसकट तुझं सगळं बजेट ती एकटीच खाईल. शिवाय तिची सेफ्टी लावली की बोल्टही बंद होतो. म्हणजे रायफल रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागते. नव्या माणसाच्या हातात मला ते नको वाटतं.

अॅक्सिस स्वस्त आहे, पण तिचा प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला लवतो. तपासायची युक्ती सोपी आहे. एक डॉलरची नोट घडी न घालता नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवत मागे ने. मग दस्त्याचं पुढचं टोक बोटांनी नळीकडे दाब. नोट अडकली तर रायफल दुपायीवर किंवा पट्ट्यावर ताणल्यावर दस्ता नळीला टेकणार आणि गोळी दरवेळी वेगळीकडे जाणार. झाडाला टेकून एखादा बार काढायला हे चालून जाईल, रेंजवर तासभर बसायला नाही.

म्हणून माझा कौल सॅव्हेज ११०लाच, डाव्या हाताची आणि जिचा दस्ता कमी-जास्त करता येतो ती. मागच्या बाजूला पट्ट्या घालून लांबी वाढवता येते, गालाखालची उंचीही बदलता येते. उन्हाळ्यात रेंजवर एक माप, नोव्हेंबरात जॅकेटवर दुसरं. बोल्ट टिकाइतका मऊ नाही, थोडा खरखरतो. वापराने तो सुधारतो. चापाच्या मधोमध एक बारीक पातं आहे. ते बोटाने नीट दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, त्यामुळे चाप हलका ठेवूनही धोका वाढत नाही. तो तीन पौंडांच्या आसपास ठेव, त्याहून हलका नको. थंडीने बधिर झालेल्या बोटाला फार हलका चाप कळत नाही. नवी परवडत नसेल तर जुनी बघ. मात्र घेण्याआधी बोल्ट काढून नळीत उजेड टाकून बघ, तोंडाशी ओरखडे किंवा आत गंज दिसला तर सोडून दे.

काडतुसाबद्दल वाद घालणारे तुला रेंजवर खूप भेटतील. हरणासाठी .२४३, ६.५ क्रीडमूर, .३०८, .२७०, .३०-०६ यांतलं कुठलंही पुरतं. तुझ्यासाठी मी क्रीडमूर म्हणतो ते बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्यामुळे. .३०-०६चा धक्का हलक्या रायफलीत चांगलाच बसतो. माणूस नकळत बार होण्याआधीच डोळे मिटायला आणि खांदा आखडायला शिकतो. ही सवय एकदा लागली की सोडवायला फार कष्ट पडतात. २००७ साली निघालेलं क्रीडमूर मुळात निशाणेबाजीसाठी बनवलेलं, त्यामुळे लांब सडपातळ गोळी वाऱ्याला कमी बधते आणि रेंजच्या कामालाही हेच चालतं. नळीची झीज .३०८पेक्षा लवकर होते, पण तुझ्या वापराला ती वर्षानुवर्षं पुरेल.

स्कोप साधा घे, ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची). आपल्या बार्नव्हेल्डच्या व्होर्टेक्सचा किंवा ल्यूपोल्डचा, कुठलाही चालेल. रायफलीसोबत खोक्यात फुकट येणाऱ्या स्कोपच्या मोहात पडू नकोस. विस्कॉन्सिनच्या जंगलात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आत होतात, तिथे पंचवीस पट मोठं चित्र कामाचं नाही, पहाटेच्या अंधुक उजेडात स्वच्छ दिसणं कामाचं. शंभर यार्डांवर नेम बसवलास की दोनशेला गोळी साधारण चार इंच खाली जाईल. पहिल्या वर्षी त्यापुढे बार काढू नकोस.

रेंजवर तीन गोळ्यांचा सुंदर पुंजका पडला की लोक कागद खिशात घालून घरी जातात. त्यावर विश्वास ठेवू नकोस. एका कागदावर दहा गोळ्या मार, मधे नळी थंड होऊ दे, मग जे वर्तुळ दिसेल ते तुझं आणि रायफलीचं खरं माप. शिकारीत नळी थंडच असते, म्हणून दर वेळी रेंजवर पोचल्यावरची पहिली गोळी कुठे गेली ते वहीत लिहून ठेव.

आणि एक .२२ची (लहान, स्वस्त काडतुसाची) बोल्ट रायफल कधीतरी जोडून घे, अगदी जुनी चालेल. क्रीडमूरच्या एका काडतुसाच्या पैशात .२२ची दहा तरी येतात. त्याने हरीण मारायचं नाही, ते कायद्यातही बसत नाही. पण पन्नास यार्डांवर वारा वाचायला, श्वास धरायला, चाप सरळ मागे ओढायला त्याच्यासारखा गुरू नाही. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२नेच, ५० मीटरवर, उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथं पडून. तू बसूनच शिकू नकोस. जंगलात टेबल नसतं.

तुझी आई या सगळ्याने थोडी अस्वस्थ आहे. चिपळूणला माझ्या आजोबांकडे रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती, ते तिला चालतं, पण हौसेची शिकार तिच्या गळी उतरत नाही. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते तिथे योग्यच होतं. इथली गोष्ट वेगळी आहे. इथे हरणांची संख्या आटोक्यात राखण्यासाठी दरवर्षी परवाने ठरवून दिले जातात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. तिला फोन कर, तू मांस वाया घालवणार नाहीस हे तुझ्या तोंडून ऐकलं की तिला बरं वाटेल.

तुझ्या आतेभावाला रेंजवर न्यायची घाई करू नकोस. तो एच-१बीवर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. चालू शिकार परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. आधी त्याने वकिलाला विचारावं. तू इथली नागरिक आहेस, तुला दुकानात फॉर्म ४४७३ भरून तपासणी होईल, एवढंच. घरी बोल्ट काढून वेगळ्या कुलपात आणि काडतुसं तिसऱ्या जागी. भाचरं येतात तेव्हा तर हे नक्कीच.

आता सासऱ्यांचं. त्यांची रायफल नाकारू नकोस. त्यांच्या वडिलांची आहे म्हणालीस, तेव्हा ठेवा म्हणून आदराने घे. त्यांच्यासोबत एकदा रेंजवर जाऊन चार बार काढ, तेलपाणी त्यांच्याकडूनच शिकून घे. ती रेमिंग्टन ७०० असेल आणि २००६ ते २०१४च्या दरम्यानच्या चापाची असेल तर आधी क्रमांक तपास, कारण कंपनीने ते चाप २०१४ साली परत बोलावले होते. त्यांच्या वडिलांच्या काळातली असली तरीही चाप एकदा गनस्मिथला दाखवच. शिकारीला मात्र स्वतःची ने आणि कारण मोकळेपणाने सांग की मी डावखुरी आहे. शिकारी माणूस आहे, त्यांना लगेच पटेल.

रायफल आली की स्कोप तू बसवू नकोस. मी टॉर्कचा (ठरावीक जोरानेच आवळणारा) पाना घेऊन येतो. रिंगा जास्त आवळल्या की स्कोपची नळी दबते आणि कमी आवळल्या की धक्क्याने सरकते. तोवर जॅकेट घालून दुकानं फिरून ये, आणि कुठली खांद्याला बसली ते कळव.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा
बाबा

ता. क. हरीण मिळालं तर खाण्याआधी डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या) तपासणीला दे. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२पासून आहे. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये नाव घालून ठेव. आणि शक्यतो तांब्याची गोळी वापर, शिशाचे बारीक कण मांसात पसरतात. तांब्याच्या गोळीने नेम पुन्हा बसवावा लागेल, म्हणून सप्टेंबरातच एक खोकं घेऊन ठेव.