ओमची शाळा बदलू नकोस

दत्तवाडी, पुणे
१४ जून

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ओम छोट्या गटातून 'नुसता खेळून' घरी येतो आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत अंक लिहिते, म्हणून सासूबाई शाळा बदलायच्या मागे लागल्यात ना? मंजू, बदलू नकोस.

परवा आमच्या बालवाडीत भाजीबाजार मांडला होता. पैसे म्हणून चिंचोके. चार वर्षांची रेवा भाजीवाली झाली होती. अथर्वने सहा चिंचोके पुढे केले, तर ती म्हणाली, "वांगी चारची आहेत, दोन परत घ्या," आणि दोन मोजून त्याच्या हातावर ठेवले. मग त्याला वर कोथिंबीर फुकट हवी! त्यावरून कितीतरी वेळ घासाघीस चालली. वहीत हीच वजाबाकी तिने फळ्यावरून उतरवून काढली असती. इथे हिशेब तिचा तिने केला, समोरच्याचं ऐकून घेतलं, आपलं म्हणणं पटवूनही दिलं.

लिहिण्याचंही तसंच. बोटांत बळ येतं ते कणीक मळून, मणी ओवून, मटार सोलून. त्याआधीच गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, हात दुखतो आणि वहीचं नाव काढलं की रडतं. अशी मुलं मी दर वर्षी बघते, फार वाईट वाटतं गं.

फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात, तोवर भर खेळावरच. इटलीतल्या रेज्जो एमिलियाची गोष्ट तर मला फारच आवडते. १९४५ साली युद्ध संपलं, तेव्हा तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि जन्मभर त्याच कामात राहिला. घरंदारं पडलेली असताना लोकांना आधी बालवाडी सुचली!

आणि आपल्या ताराबाई मोडक? त्यांनी १९४५ मध्येच डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग खडे, शिंपले, बिया, पानं घेऊन मुलं मोजायला, लावायला, जुळवायला शिकली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. हे आपल्याच मातीतलं आहे, हे सासूबाईंना जरूर सांग. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातूनच शिकवा म्हटलंय.

मात्र एक बघून ये. घसरगुंडी आणि टीव्ही असला म्हणजे झालं, असं नाही. बाई मुलांमध्ये खाली बसतात का? मूल काय करतंय ते बघून, "आता हे पाणी या बाटलीत मावेल का रे?" असं काही विचारतात का? वाळू, पाणी, माती रोज हाताला लागते का? बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून नुसतं लक्ष ठेवत असतील, तर मात्र त्यांच्याशी बोलायला हवं.

घरी मटार निवडायला त्याला शेजारी घे. सासूबाईंना सागरगोटे छान येतात, त्यांनाच शिकवू दे. ओमच्या बाईंना भेटलीस की काय म्हणाल्या ते सविस्तर कळव.

तुझीच,
शुभा