थीम फळ्यावर लिहून देणं बंद करूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवते. आज लिहितेय ते माझ्यासारख्या इतर शिक्षकांसाठी, पेपर काढणाऱ्यांसाठी आणि थोडंफार पालकांसाठी पण. गोष्ट किंवा कविता शिकवून झाली की 'थीम' म्हणून, म्हणजे तिचं मुख्य सांगणं म्हणून, जे दोन ओळींचं उत्तर आपण मुलांना उतरवून देतो त्याबद्दल बोलायचंय. गाईडमध्ये तेच, क्लासच्या नोट्समध्ये तेच, पेपरात मुलं तेच लिहितात आणि तपासणारा पण तेच शोधतो. मूळ गोष्ट वाचली काय, न वाचली काय, मार्क पडतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण वाचण्यातला सगळ्यात भारी भाग आपण मुलांना मिळूच देत नाही.

फ्रेंच लेखक मोपासाँची १८८४ सालची 'द नेकलेस' ही गोष्ट घ्या. कारकुनाची बायको मातिल्द श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार पार्टीसाठी मागून आणते, तो हरवतो, नवराबायको ३६ हजार फ्रँकला तसाच दुसरा घेऊन गुपचूप परत करतात, कर्ज फेडण्यात १० वर्षं जातात आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. ठरलेली थीम काय, तर दिखाव्याचा हव्यास वाईट. चूक आहे असं मी म्हणत नाही, पण एवढं फळ्यावर लिहिलं की वह्या मिटतात आणि विषय संपतो. म्हणून मी आधी एवढंच विचारते की हार हरवल्यावर पहिली थाप मारायचं कोणी सुचवलं? मुलं पानं उलटतात आणि सापडतो नवरा. हाराचा फासा तुटलाय, दुरुस्तीला टाकलाय असं मैत्रिणीला लिही, म्हणजे शोधायला वेळ मिळेल, असं तो म्हणतो आणि तो सांगेल तसं ती पत्र लिहिते.

इथून पुढे वर्ग बघण्यासारखा असतो. एक मुलगी म्हणाली, मग दोष तिच्या एकटीचा कसा काय, हौस एका रात्रीची होती, १० वर्षं गेली ती खरं सांगायची लाज वाटली म्हणून. एक मुलगा म्हणाला नवराच व्हिलन आहे. मी म्हटलं दाखव. तो शोधायला बसला तर त्याला उलटंच सापडत गेलं, बायकोच्या ड्रेससाठी नवऱ्याने बंदूक घ्यायला साठवलेले ४०० फ्रँक देऊन टाकलेत आणि नव्या हारासाठी वडिलांकडून आलेले १८ हजारही घातलेत. आपलं म्हणणं टिकत नाही हे त्या मुलाला गोष्टीनेच सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. आणखी एक जण म्हणाला की ही सगळी नशिबाची गोष्ट आहे, त्याला दोघं-तिघं हसले, पण शेवटाकडे लेखक स्वतःच म्हणतो की माणूस बुडायला किंवा तरायला किती थोडंसं पुरतं. म्हणजे तो पण बरोबरच की! गाईडच्या उत्तरात यातलं काही नाही.

लोभ, लाज, नशीब हे नुसते विषय झाले. गोष्ट त्या विषयाबद्दल काय म्हणते ते पूर्ण वाक्यात आलं की ती थीम, आणि वाक्य असं पाहिजे की शेजारच्याला 'मला नाही पटत' म्हणता आलं पाहिजे. 'खरं सांगायची लाज चुकीपेक्षा महाग पडते' यावर भांडता येतं, 'लाज' या एका शब्दावर काय भांडणार. मग त्या वाक्याच्या बाजूने गोष्टीतल्या दोन जागा काढायच्या आणि विरुद्ध जाणारी एक. ही विरुद्धची जागा शोधणं मुलांना सगळ्यात जड जातं आणि मला वाटतं खरं शिकणं तिथेच होतं, कारण स्वतःच्याच म्हणण्यावर शंका घ्यायची सवय त्यांना दुसरीकडे कुठे फारशी लागत नाही.

कवितेत तर याची अजूनच गरज आहे. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' (१९१५) म्हणजे 'धाडस करा, वेगळी वाट निवडा' हे इतकं डोक्यात बसलंय की मुलं कविता न वाचताच लिहून मोकळी होतात. कवितेत एक माणूस रानात दोन वाटा फुटतात तिथे उभा असतो आणि एक निवडतो. पण दुसरं कडवं नीट वाचा, दोन्ही वाटा साधारण सारख्याच तुडवलेल्या आहेत असं तिथे सरळ लिहिलंय, आणि शेवटी तो माणूस म्हणतो की पुढे कधीतरी मी उसासा टाकून सांगेन की मी कमी वापरातली वाट घेतली. वाटा सारख्याच होत्या तर मग तो नंतर तसं का सांगणार? हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो. फ्रॉस्टने ही कविता एडवर्ड थॉमस या मित्राला डोळ्यासमोर ठेवून लिहिली, दोघं फिरायला जायचे तेव्हा दुसरी वाट घ्यायला हवी होती असं थॉमसला नेहमी वाटायचं. पण ही माहिती मी शेवटीच देते, आधी सांगितली की मुलं तेवढीच धरून बसतात.

सहकारी म्हणतात वेळ कुठे आहे, मुलांचं इंग्रजी कच्चं आहे. वेळेचं खरं आहे, पण सगळ्याच धड्यांना हे करायची गरज नाही, टर्ममध्ये एक-दोन नीट केले तरी मुलं पुढचं आपलं आपण करू लागतात. आणि इंग्रजी कच्चं असेल तर चर्चा घरी बोलतात त्या भाषेत होऊ द्या, विचार पक्का झाला की मोडकंतोडकं का होईना पण स्वतःचं वाक्य येतं. मग काहीही लिहिलं तर चालेल का असंही विचारतात. नाही चालणार, धड्यातला आधार दाखवता आला तरच मार्क, नाही तर शून्य.

पेपर काढणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की 'थीम लिहा' असा प्रश्न विचारू नका. एकाच गोष्टीबद्दलची दोन वेगवेगळी मतं छापा आणि विचारा की यातलं कुठलं जास्त पटतं आणि धड्यातल्या कुठल्या जागांमुळे. तपासणाऱ्यांना मॉडेल आन्सरच्या जागी धड्यातले उतारे द्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मुलांना पूर्ण मार्क देता येतील.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका