ठेव मोडली, आधी ते सांगते

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं होतं. पहिल्यांदा बाबांच्या बीपीचा विषय निघाला. दुसऱ्यांदा आई म्हणाली, "आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का?" सर्दी नव्हती. म्हणून पत्र.

नोकरी सोडली. आणि माझ्या नावावरची ती ठेव मोडली. दोन्हीला पाच महिने झाले. पाच महिने मी तुम्हाला फोनवर "कामावरच आहे" असं सांगत होते. कामावरच होते, फक्त काम वेगळं होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत आले. पण ते खोटंच, आणि ते मला जमत नाही हे तुम्हाला माझ्या तिसरीतल्या प्रगतिपुस्तकापासून ठाऊक आहे.

ती ठेव तुम्ही कशासाठी ठेवली होती ते मी विसरलेले नाही. आईच्या बांगड्यांचंही विसरलेले नाही. बाबा, पुढचं वाचायच्या आधी एक घोट पाणी प्या. आणि धाकट्या काकांचं उदाहरण एवढ्यात काढू नका. त्यांनी उधारीवर माल दिला होता. माझ्या धंद्यात उधारी नाही. मशीन कोणाचीच भीड धरत नाही.

तर, मशीन. शाळांमध्ये खाऊची आणि पेयांची मशीनं ठेवते मी. पैसे टाकले, आकडा दाबला की पुडा खाली पडतो, ती. तीन शाळांत मिळून चार आहेत, दोन खाऊची, दोन पाण्याची आणि रसांची. मशीन माझं, माल माझा, दुरुस्ती माझी. जागा आणि वीज शाळेची, त्याबद्दल विक्रीतला ठरलेला टक्का शाळेला. करार लेखी आहे. बाबांनी शिकवल्याप्रमाणे बारीक अक्षरातलं आधी वाचलं. त्यात एकच कलम टोचतं, शाळेने महिन्याची सूचना दिली की मशीन उचलायचं. ते मान्य करूनच सही केली. हे फॅड आहे असंही म्हणू नका, बाबा. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात नाणं टाकलं की देवळातलं पवित्र पाणी देणारं यंत्र लिहून ठेवलंय. नाणं पट्टीवर पडायचं, पट्टी कलायची, झडप उघडायची, नाणं घसरून गेलं की पाणी बंद. माझ्यात मोटर आणि दिवे जास्त आहेत, एवढंच.

बाबांचा पहिला प्रश्न मला ऐकू येतोय. "जन्मभर मी मुलांना शिकवलं आणि तू त्यांच्या खिशातले पैसे काढणार? तेही साखर विकून?" हा प्रश्न मला तुमच्या आधी पडला होता. म्हणून आधी नियम वाचले, मशीन नंतर बघितलं. फ्रान्सने १ सप्टेंबर २००५ पासून शाळांतली अशी मशीनं सरळ बंदच केली. अमेरिकेत २०१४ पासून शाळेच्या वेळात विकल्या जाणाऱ्या खाऊच्या एका पुड्यात २०० कॅलरीपेक्षा जास्त चालत नाही, आणि साखर वजनाच्या ३५ टक्क्यांच्या आत लागते. भारतात २०२० च्या नियमांनी जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. एवढे देश एवढं बोलतात म्हणजे भीती खोटी नाही. ३३० मिलिलिटरच्या गोड सोड्याच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, चमच्याने मोजली तर आठ-नऊ चमचे. तो डबा माझ्या एकाही मशीनमध्ये नाही. एका शाळेने तो ठेवायचा आग्रह धरला होता, कारण त्यावर विक्री वाढते आणि पर्यायाने त्यांचा टक्काही. ती शाळा मी सोडली. ही फुशारकी नाही, आई, तुझ्यापुढे कबुली आहे. सोडताना रात्रभर झोप लागली नव्हती.

आणखी एक आकडा देते, कारण बाबांना भावनेपेक्षा आकडा पटतो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १२ माध्यमिक शाळा आणि १२ कार्यालयं घेऊन मशीनवर एक प्रयोग झाला, तो २००१ मध्ये छापून आला. कमी चरबीच्या खाऊची किंमत १० टक्के, २५ टक्के आणि ५० टक्के उतरवून बघितली, तर त्याची विक्री ९, ३९ आणि ९३ टक्क्यांनी वाढली. आणि मशीनमागचा नफा काही घसरला नाही. हे वाचलं त्या रात्री मी ठेव मोडायचं ठरवलं. फुटाणे चॉकलेटपेक्षा महाग ठेवून "मुलं चांगलं खात नाहीत" म्हणणारे आपणच असतो. मी पाण्याची बाटली सगळ्यात स्वस्त ठेवली आहे आणि लहान मुलांच्या डोळ्यांसमोर येईल त्या ओळीत. तिच्यात मला जवळजवळ काहीच सुटत नाही. सुटू नये असंच ठरवलंय.

आता धंदा कसा चालतो ते सांगते, म्हणजे "हिला काही कळत नाही" ही काळजी तरी कमी होईल.

शाळेत मशीन म्हणजे भूक विकायची नसते, मधली सुट्टी विकायची असते. सुट्टी वीस मिनिटांची. एका मुलाने पैसे टाकायचे, आकडा शोधायचा, दाबायचा, पुडा पडायचा, वाकून काढायचा, याला वीस सेकंद तरी जातात. म्हणजे वीस मिनिटांत साठ मुलं. रांगेत दीडशे असली तरी साठच. बाकीची मुलं घंटा झाली की तशीच परत जातात. पहिल्या आठवड्यात हे हिशेबात धरलंच नव्हतं. मुलं दीडशे म्हणून माल दीडशेचा भरला आणि निम्म्याहून जास्त तसाच राहिला. मग कळलं की जास्त माल नको, वेग हवा. आता सुट्टे पैसे मोजत बसणाऱ्यांपेक्षा कार्डवाली मुलं लवकर निघतात, आणि शाळा सुटल्यावर खेळाच्या सरावाला थांबणाऱ्यांसाठी मशीन पुन्हा सुरू होतं. मधल्या तासांत ते आपोआप बंद. घड्याळ लावलेलं असतं आत, नाहीतर बाई शिकवत असताना मागच्या बाकावरचा पोटदुखीच्या नावाने बाहेर येणारच. (तो मागचा बाक मला चांगला ठाऊक आहे, बाबा. तुम्हालाही.)

माल भरणं हे खरं काम. काचेच्या आत प्रत्येक कप्प्यात तारेची मोठी स्प्रिंग असते, एक फेरा फिरला की एक पुडा पुढे सरकतो आणि पडतो. पुडा बारीक आणि स्प्रिंगचे वेढे दूर असले तर एका फेऱ्यात दोन पडतात. पुडा फुगलेला असला तर कोपऱ्यावर लटकतो. म्हणून प्रत्येक नवा पुडा मी आधी घरी वेढ्यांमध्ये ठेवून बघते. जुना माल पुढे, नवा मागे, हे तर आईच्या डब्यांच्या फळीवरूनच शिकले. खाली पडताना पुडा उजेडाच्या एका अदृश्य रेषेला कापतो. रेषा कापली गेली नाही तर मशीन समजतं की काही पडलं नाही, आणि स्प्रिंग पुन्हा फिरवतं किंवा पैसे परत देतं. ही सोय एका जुन्या मशीनमध्ये नव्हती. मी ते स्वस्तात घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी काचेवर वहीचा कागद चिकटवलेला सापडला: "हे मशीन चोर आहे. माझे पैसे खाल्ले. खाऊ पण दिसतोय."

खाऊ खरंच दिसत होता, आई. पुडा काठावर लोंबकळत होता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले, मग हसता हसता काय झालं कोण जाणे. मला एकदम माझ्या रुमालाचा कोपरा आठवला. तू नाणं बांधून द्यायचीस ना, "अगदी अडलं तरच सोड" म्हणून. तुझी गाठ इतकी घट्ट असायची की दातांनीच सोडवावी लागायची, आणि रुमालाला तुझ्या हाताचा वास. बहुतेक वेळा मी ते नाणं न सोडता परत आणायचे, आणि संध्याकाळी तू गाठ चाचपून बघून काही न बोलता पुन्हा खुंटीवर लावायचीस. त्या पोरालाही कोणीतरी असंच दिलं असेल. त्याच दिवशी मशीनवर माझा नंबर मोठ्या अक्षरात लावला, आणि शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवली. कोणाचे पैसे अडकले की नाव लिहायचं, मी दुसऱ्या दिवशी देऊन जाते. पुराव्याशिवाय. दोन-तीन पोरं फसवतात, मला कळतं, पण देते. नंतर त्या मशीनला उजेडाची रेषाही बसवून घेतली. त्या महिन्याचा नफा त्यातच गेला.

पेयांच्या मशीनमागे कॉम्प्रेसर असतो, त्याच्या जाळीवर धूळ बसली की ते तापतं आणि वीज खातं. महिन्यातून एकदा ब्रशने झाडते. बाबा, तुम्ही टेबलफॅनची जाळी दर रविवारी उतरवून पुसायचात, तेव्हा मला काय कंटाळा यायचा! आता माझा रविवार त्यातच जातो.

आई, तू आता विचारशील की हे सगळं उचलतं कोण. मशीन भरलं की ३०० किलोच्या वर जातं, ते मी उचलत नाही, कोणीच उचलत नाही. ते एकदा बसवलं की भिंतीला बोल्टने आवळतात, म्हणजे पोरांनी हलवलं, लोंबकळली तरी अंगावर येत नाही. बोल्ट मी स्वतः ओढून बघितलेत. माझ्याकडे चाकांची ट्रॉली आहे. माल ठेवायची खोली तळमजल्यावर आहे, खिडकी आहे, ओल नाही. कंबरेला पट्टा लावते. सकाळी शाळा भरायच्या आधी माल भरते म्हणजे रात्री लवकर झोपते. नोकरीत मी जेवण पडद्यासमोर करायचे, आता पान वाढून जेवते. वजन दोन किलोने वाढलंय, विश्वास नसेल तर फोटो पाठवते. केस गळायचे थांबले. खोलीचं भाडं वेळेवर जातं. दोन हप्ते उशिरा गेले होते, ते आता भरलेत, ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं पण लिहिलं.

पैसा नोकरीइतका येत नाही. अजून नाही. तुम्हाला दर महिन्याला पाठवते ते कमी झालेलं नाही आणि होणार नाही, ते मी सगळ्यात आधी बाजूला काढते. ठेव आहे तेवढी परत उभी करायला चार वर्षं लागतील असा माझा हिशेब आहे. कागद पाठवते. बाबा, लाल पेनाने तपासा, मला आवडेल.

पण खरं कारण पैशाचं नाहीच. मागच्या वर्षी बाबा तीन दिवस दवाखान्यात आत होते आणि मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसले होते. बाबांनी काचेतून बघितलं आणि हाताने खूण केली, "कर, कर, काम कर." ती खूण मला अजून दिसते. शाळेच्या मशीनला मोठी सुट्टी म्हणजे पूर्ण बंद. एक पैसा येत नाही. त्या आधीच्या पंधरवड्यात माल कमी करत आणायचा, तारीख जवळ आलेला काढायचा, पेयांचं मशीन रिकामं करून, पुसून, बटण बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर आत बुरशी धरते. लोक म्हणतात या धंद्याचा हाच मोठा तोटा, वर्षाचे कितीतरी दिवस गल्ला कोरडा. मी त्या तोट्यासाठीच हा धंदा घेतला असं म्हटलं तर हसाल. हसा.

सुट्टी लागली की मी येते, आणि सुट्टी संपेपर्यंत राहते. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यातच उरकायचं. मी डॉक्टरांशी बोलले आहे. आधी उजवा, मग काही आठवड्यांनी डावा. "मला दिसतंय गं" हे आता चालणार नाही. तुला सुईत दोरा ओवता येत नाही आणि तू तो शेजारच्या पोरीकडून ओवून घेतेस, मला माहीत आहे. थेंब मी घालणार, दिवसातून जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा, घड्याळ लावून. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, तोवर बाबा.

तोपर्यंतच्या सूचना. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळे. माळ्यावरचं काहीही काढायला स्टुलावर चढायचं नाही, कोणीही, ती जुनी पेटी तर अजिबात नाही. न्हाणीघरातला दिवा रात्री चालू राहू द्या, बिल मी भरते. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. फोन उशाशी, देवघरात नाही. आणि दोघं एकमेकांवर माझ्यावरून चिडू नका. चिडायचं तर माझ्यावर चिडा. मी ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. बोललेच तर सुट्टीत रागवा.

पत्र मिळालं की लगेच फोन करू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी करा, शाळा भरल्यानंतर, तेव्हा मी मोकळी असते.

तुमची,
छकुली

ता. क. आई, त्या रुमालांपैकी एखादा उरला असेल तर बाजूला काढून ठेव. नाणं बांधून.