जिऊ-जित्सूसाठी केटलबेल वापरताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत ब्राझिलियन जिऊ-जित्सू (जमिनीवर पकडींनी लढायचा कुस्तीसारखा खेळ) शिकणाऱ्यांना केटलबेलचा, म्हणजे वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याचा, व्यायाम सुचवला आहे. सुचवणी योग्यच. पण सोबतच्या छायाचित्रातला तरुण गुडघे पुढे काढून उठबशा काढल्यासारखा स्विंग (केटलबेल मांड्यांमधून पुढे झुलवण्याचा व्यायाम) करतो आहे, आणि हात पूर्ण थकेपर्यंत करावे असेही मजकुरात म्हटले आहे. जिऊ-जित्सूवाल्याला या दोन्ही गोष्टी महागात पडतात. नागपुरात हा खेळ शिकणारी मुले-मुली आता बऱ्यापैकी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आठवड्यातून तीन-चार दिवस रोलिंग (सरावाची लढत) करणाऱ्याच्या शरीरावर दोन भार आधीच असतात. एक पकडीचा: गीची (या खेळाच्या जाड पोशाखाची) कॉलर आणि बाही धरून बोटे व कोपराखालचा हात पिळून निघतो. दुसरा पाठीचा: गार्डमध्ये (खालचा खेळाडू वरच्याला पायांत अडकवतो त्या स्थितीत) माणूस बराच वेळ पोक काढून असतो. दम तर मॅटवर लागतोच. कमी पडते ती खुबे झटक्यात उघडण्याची ताकद. खालून ब्रिज मारून (कंबर झटक्यात उचलून) वरच्याला उलथवणे, स्वीप (गार्डमधून त्याला पालथे करणे), डबल-लेग (दोन्ही पाय धरून पाडणे), सगळे तिच्यावर चालते. केटलबेलकडून तेवढेच घ्यावे.

स्विंगचे तंत्र असे. केटलबेल पावलांच्या पुढे साधारण फूटभर अंतरावर ठेवा, पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद. गुडघे जरासे सैल सोडा आणि मागच्या भिंतीला बूड टेकवायचे आहे अशा बेताने खुब्यांतून वाका. नडग्या जवळजवळ उभ्याच राहिल्या पाहिजेत, पाठ सपाट. दोन्ही हातांनी मूठ धरून केटलबेल स्वतःकडे कलती करा आणि दोन्ही मांड्यांमधून मागे फेका. मनगटाच्या वरचा भाग मांडीला आतून, अगदी जांघेजवळ टेकला पाहिजे. केटलबेल गुडघ्यांच्या खाली लोंबू लागली की बैठक सुरू झाली असे समजा. मग वजन शरीरापासून दूर जाते आणि कमरेचे मणके ते ओढत बसतात. मागून खुबे एका झटक्यात उघडायचे: गुडघे सरळ, बूड आवळलेले, पोट घट्ट, तोंडाने छोटा उच्छ्वास. वजन छातीच्या उंचीपर्यंत आपसूक येते, हात फक्त दोरीचे काम करतात. वर गेल्यावर मागे रेलू नये, त्याने कमरेला उलटा बाक येतो. आणि खाली येताना घाई नको. दंड बरगड्यांना लागेपर्यंत उभेच राहायचे, मग वाकायचे. नवखे लोक वजन खाली निघताक्षणी वाकतात, आणि कंबर दुखली म्हणून केटलबेलला दोष देतात.

जोर कुठून येतो हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. जाड नॅपकिन मुठीतून ओवून त्याची दोन्ही टोके धरा आणि हलक्या वजनाने चार-पाच स्विंग करा. वर आल्यावर केटलबेलचा तळ नॅपकिनच्या रेषेत समोर रोखलेला असेल तर काम खुब्यांचे आहे. तळ खाली लोंबत असेल तर तुम्ही खांद्याने उचलताय. समोर माणूस, टीव्ही किंवा काच नसेल अशीच जागा निवडा. पकड वाढते म्हणून काही जण गीची बाही ओवून रोजच असे करतात. हे टाळावे, पकडीला मॅटवर पुरेसे काम मिळते.

वजनाचे जुने टप्पे 16, 24 आणि 32 किलो असे आहेत, कारण रशियन ‘पूड’ हे माप 16.38 किलोचे. पुरुषाने स्विंग 16 किलोने आणि स्त्रीने 8 ते 12 किलोने सुरू करावा. दर मिनिटाच्या सुरुवातीला 10 स्विंग, उरलेल्या वेळात विश्रांती, अशी 10 मिनिटे म्हणजे 100 स्विंग. पहिले दोन आठवडे 5 मिनिटेच. दहावा सेट पहिल्यासारखाच दिसला तर वजन वाढवा. 12 वरून 16 सोपे असते, 16 वरून थेट 24 ही मोठी उडी आहे. मध्ये 20 मिळाले तर बघा. वजन तरंगायचे थांबले की सेट तिथेच संपला, आकडा पुरा करायचा हट्ट नको. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रौढांची व्हाइट बेल्टची लढत 5 मिनिटांची असते आणि ब्लॅक बेल्टची 10 मिनिटांची. तेवढा दम मॅटवरच कमवावा.

टर्किश गेट-अप हा दुसरा उपयोगी व्यायाम, पण तो कमालीचा सावकाश करायचा. एका बाजूचा एक गेट-अप किमान अर्धा मिनिट चालावा. जमिनीवर आडवे व्हा, कुशीवर वळून दोन्ही हातांनी वजन घ्या, पाठीवर या, हात सरळ वर. त्याच बाजूचा गुडघा मोडून पाऊल जमिनीवर, दुसरा पाय आणि दुसरा हात 45 अंशांत बाहेर. आधी कोपरावर, मग तळहातावर उठा, बूड उचला, सरळ पाय खालून मागे काढून गुडघा टेका, धड सरळ करा आणि उभे राहा. परतीचा रस्ता तोच, उलट. गुडघ्यावर येईपर्यंत नजर वजनावर, मनगट मागे मोडलेले नको. आधी केटलबेलऐवजी वळलेल्या मुठीवर बूट तोलून करा. बूट पडला तर हसू येते, 12 किलो पडले तर दात जातात. क्लासमधल्या टेक्निकल स्टँड-अपशी (स्वतःचा बचाव करत जमिनीवरून उठण्याच्या पद्धतीशी) याचे साम्य आहे, पण तिथे गुडघा टेकत नाहीत आणि पुढचा हात चेहरा राखतो. म्हणून एकाच्या नावाखाली दुसरा घाईघाईने उरकू नये. किमुरा किंवा अमेरिकाना या हात पिरगाळण्याच्या डावांत खांदा दुखावला असेल तर तो भरून येईपर्यंत गेट-अप बंद.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. क्रम असा: गेट-अप दोन्ही बाजूंनी तीन-तीन, मग केटलबेल छातीशी धरून बैठका पाचाचे तीन सेट, एका हाताने रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणे) आठाचे तीन सेट, शेवटी स्विंग. अर्ध्या तासाच्या आत आटोपते. क्लासच्या आदल्या संध्याकाळी भारी स्विंग नकोत, दुसऱ्या दिवशी कॉलर हातात टिकत नाही. त्यापेक्षा क्लास संपल्यावर, थोडे कमी करून, केलेले बरे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर पकडीचे काम अति होते आहे. तेव्हा रोइंग आणि, करत असाल तर, स्नॅच (वजन एका झटक्यात डोक्यावर नेणे) आधी कमी करा. घराजवळ जुना आखाडा असेल तर तिथले मुद्गल खांद्यांसाठी जरूर फिरवा, त्या कामात ते केटलबेलपेक्षा सरस आहेत.

तळहाताची निगा हा विषय बहुतेक लेखांत सुटतो. मूठ बोटांच्या मुळाशी, आकड्यासारखी धरा. तळव्याच्या मध्यावर दाबून धरली तर कातडीची घडी चिमटते आणि घट्टा उचकटतो. इतर खेळांत ही किरकोळ बाब, पण इथे उघड्या जखमेने मॅटवर उतरलात तर संसर्ग घ्याल किंवा द्याल. पावसाळ्यात गजकर्णाच्या तक्रारी वाढतात त्या वेगळ्याच. घट्टे प्यूमिस दगडाने घासून सपाट ठेवा. खरेदी बर्डीवर करा की इतवारीत, मुठीच्या आतून बोट फिरवून बघा: ओतकामाची कड लागली तर दुसरा नग मागा, किंवा घरी कानस आणि पॉलिश पेपरने ती काढा. मूठ 33 ते 35 मिलिमीटर जाडीची असावी. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या केटलबेल स्वस्त पडतात, पण आकाराने फुगीर असल्याने मांड्यांमधून नीट जात नाहीत.

क्लासच्या फोमच्या मॅटवर स्विंग करू नये. पाय डगमगतात आणि मॅटला कायमचे खड्डे पडतात. अनवाणी किंवा सपाट तळाच्या बुटांत, कडक फरशीवर करा. खाली जाड रबर असेल तर उत्तम. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, सकाळी सातच्या आत उरका. कूलरच्या दमट हवेत मूठ घामाने निसटते, त्यामुळे खडू आणि कोरडा नॅपकिन हाताशी ठेवा, आणि दिवसभर गच्चीवर तापलेले लोखंड संध्याकाळी उघड्या हाताने उचलायला जाऊ नका.

स्पर्धेच्या आधी शेवटचे भारी काम पाच-सहा दिवसांपूर्वी संपवावे. त्यानंतर फक्त हलक्या वजनाचे 20-30 स्विंग, अंग मोकळे राहण्यापुरते.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर