पाडकामाआधी कबुतरांची विष्ठा भिजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यात जुन्या इमारतींची पाडकामे गल्लोगल्ली चालू आहेत. धुळीची तक्रार केली की हिरवी जाळी लावली जाते आणि विषय मिटतो. पण त्या धुळीत सिमेंट-वाळूखेरीज आणखी काय असते, हे कोणी विचारत नाही. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या रिकाम्या इमारतीच्या डक्टमधून दोन मजूर कबुतरांच्या विष्ठेचे वाळलेले थर कोरड्या झाडूने ओढून खाली टाकत होते. त्यांच्या नाकाला केवळ रुमाल बांधलेला होता.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी कबुतरांच्या घरट्यांत व विष्ठेत आढळते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ चेस्टर एमन्स यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते. वाळलेल्या विष्ठेत ती दीर्घकाळ तग धरते. कबुतराच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असल्यामुळे त्याला सहसा काही होत नाही. माणसाच्या फुप्फुसात मात्र ती श्वासावाटे शिरते, आणि एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांच्यासारख्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची यादी जाहीर केली. त्यातील सर्वाधिक चिंतेच्या चार बुरशींत हिचा समावेश आहे. एरवी माती-पाचोळ्यात निमूट राहणारी बुरशी दुबळे शरीर गाठून काय करते, ते २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी आपण पाहिलेच आहे.

क्रिप्टोकॉकस जातीच्या बुरशी आपल्या देशात जांभूळ, चिंच अशा झाडांच्या ढोल्यांतील कुजलेल्या लाकडातही सापडल्या आहेत. म्हणून झाडांवर कुऱ्हाड चालवावी असे मुळीच नाही (ठाण्यात त्यासाठी निमित्त लागते असेही नाही). बुरशीचा नायनाट शक्य नाही. तिची धूळ उडू न देणे मात्र नक्कीच आपल्या हातात आहे.

त्यासाठी महापालिकेने पाडकामाच्या परवानगीतच अट घालावी की डक्ट, छज्जे आणि गच्चीवरील टाकीखालची विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवून, बंद पिशव्यांत भरून हलवली जाईल, ती राडारोड्यात मिसळली जाणार नाही आणि हे काम करणाऱ्या मजुरांना रुमालाऐवजी नीट बसणारे एन-९५ मास्क व हातमोजे ठेकेदाराने दिलेले असतील. पाहणीसाठी येणाऱ्या अभियंत्याने जाळीबरोबर डक्टमध्येही एकदा डोकावावे.

आपला,
एक रहिवासी, नौपाडा, ठाणे